नऊ नंबरच्या काउंटरपुढचा खांब

मी एक जुना खांब आहे. मित्रांनो, खांब म्हटल्यावर तुम्ही मान वर कराल, म्हणून आधीच सांगतो, माझ्या डोक्यावर छप्पर नाही, तारा नाहीत आणि दिवाही नाही. माझी उंची तुमच्या बाबांच्या कमरेएवढी. खाली ताटाएवढं जड लोखंडी बूड, मध्ये काळी नळी आणि वर डोकं. डोक्यात निळा पट्टा गुंडाळलेला असतो. तो ओढून पुढच्या खांबाच्या तोंडात अडकवायचा, मागच्याचा आपल्या तोंडात घ्यायचा, की झाली रांग. तुम्ही मला पाहिलेलं आहे. माझ्या पट्ट्याला लोंबकळून तुम्ही एकदा तरी मार खाल्लेला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सकाळच्या पाळीत खांब बनायचे आणि दुपारच्या पाळीत बागेतले झोपाळे. लोखंड एकच. माझी नळी सकाळी अकराला कापली गेली. दोन तासांनी कापली असती तर आज माझ्या आठवणी वेगळ्या असत्या.

आम्ही चोवीस भावंडं एका विमानतळावर आलो. आमची नेमणूक एका विमान कंपनीच्या नऊ नंबरच्या काउंटरपुढे झाली आणि मी सगळ्यात पुढे उभा राहिलो. माझ्यापासून रांग सुरू व्हायची आणि वळणं घेत घेत पार कोपऱ्यापर्यंत जायची. कोपऱ्यातल्या खांबाला कोपऱ्यापलीकडचंही दिसतं. आम्ही पट्ट्याने एकमेकांना बांधलेले, त्यामुळे त्याला जे दिसतं ते थरथरत माझ्यापर्यंत येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोकरीची वर्षं बरी गेली. एक बाई माझ्यावर कोट टांगून परदेशी गेली आणि चार महिन्यांनी येऊन तोच कोट घेऊन गेली. मधल्या काळात सगळे मला कर्मचारी समजायचे. दोघांनी मला रस्ताही विचारला. एकदा तपासणीला आलेला साहेब म्हणाला, "रांग छान सरळ आहे." माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. ते मी पुरवून पुरवून वापरलं आहे.

माझ्यात एक खोट होती. माझं तोंड सैल होतं. मागच्या खांबाचा पट्टा त्यात नीट बसायचा नाही. कुणी जोरात शिंकलं तरी तो सुटायचा आणि सटकन आपल्या मालकाकडे परत जायचा. लोक दचकायचे. सगळ्यांच्या माना पट्ट्यामागे कोपऱ्याकडे वळायच्या. मग कुणीतरी मला शिवी घालून पट्टा पुन्हा अडकवायचं.

आमची देखभाल करणारा एकच माणूस होता. त्याला सगळे खांबवाले काका म्हणत. तो रोज ओल्या फडक्याने आमची डोकी पुसायचा. त्याच्याशिवाय आम्हाला हलवायची कुणालाही परवानगी नव्हती. पूर्वी कुणीतरी एक खांब हातभर सरकवला होता आणि त्याला अडखळून एक मोठे साहेब पालथे पडले होते. तेव्हापासून नियमच झाला की खांब हलवायचा तर अर्ज करायचा, अर्ज काकांकडे जायचा आणि काका हलवणार. त्या आठवड्यात काकांच्या मुलीला बाळ झालं, म्हणून ते चार दिवसांची रजा टाकून विमानाने तिकडे गेले होते.

सोमवारी दूर कुठेतरी एक डोंगर फुटला.

राख आभाळात चढली आणि वाऱ्याबरोबर आमच्या दिशेने निघाली. विमानाच्या इंजिनात ही राख गेली की वितळते, तिची काच होते, ती आत चिकटून बसते आणि इंजिन बंद पडतं. म्हणून सगळी विमानं जिथे होती तिथे थांबली. खांबवाले काकाही जिथे होते तिथे थांबले. म्हणजे राखेने विमानांबरोबर खांबही अडकवले. हे फक्त आम्हा चोवीस जणांनाच कळलं.

नऊ नंबरच्या काउंटरवर तेव्हा एक मुलगी बसायची. नोकरीला लागून तिला तिसराच आठवडा होता. कंपनीने तिला सांगितलं होतं, "कधी" असं कुणी विचारलं तर "लवकरच" म्हणायचं. सोमवारी दिवसभर ती लवकरच म्हणत राहिली. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसला.

त्या दिवशी शेवटी तिच्यापुढे एक पन्नाशीचा माणूस आला. हातात तोंड घट्ट लावलेली काचेची बरणी, तिच्यात पाणी आणि पाण्यात दात. पुऱ्या तोंडाची कवळी, वरची आणि खालची. मुलगी दचकली. त्याने शांतपणे सांगितलं की आपण कवळ्या बनवणारे कारागीर आहोत आणि हे आपल्या वडिलांचे दात आहेत.

हकिगत अशी होती. त्याचे वडील दूरच्या शहरात, त्याच्या ताईच्या गावी, इस्पितळात होते. त्यांनी चौतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या आणि त्या काळात एकदाही फलाट चुकवला नव्हता. बोळक्या तोंडाने त्यांना घरातल्यांनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. इस्पितळात त्यांनी कवळी काढून कागदी रुमालात ठेवली आणि सफाईवालीने तो रुमाल कचरा म्हणून उचलला. तेव्हापासून म्हाताऱ्याने तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर आले की चादर नाकापर्यंत ओढायचे. ताईने खूप विनवलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बाळ्याला सांगायचं आहे. दात आले की बोलतो.'

बाळ्या म्हणजे हा. वडिलांच्या तोंडाचं माप त्याच्या दुकानात होतं. त्याने दोन दिवसांत दात केले आणि विमानतळ गाठला. डॉक्टरांनी वडिलांना फार तर आठवडा दिला होता.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. लवकरच म्हणाली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी या. सगळ्यांच्या आधी या. पहिलं विमान सुटेल त्यात मी तुम्हाला बसवते."

आता मंगळवारी सकाळी काय झालं ते नीट ऐका, कारण यात कुणाचीच चूक नाही आणि मला हेच सहन होत नाही.

नऊ नंबरचा संगणक बंद पडला. मुलीला कोपऱ्यापलीकडच्या चौदा नंबरला बसायला सांगितलं. ती शहाणी होती. तिने कागदावर 'चौकशी काउंटर १४ वर' असं मोठ्या अक्षरांत लिहून काचेवर चिकटवलं. खांब हलवायला हवेत म्हणून तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडून उत्तर आलं, ते काकांचं काम. काका कुठे आहेत? राखेपलीकडे. मग तिने स्वतःच मला धरून वीतभर सरकवलं. वर कॅमेरा होता. तिला तिसरा आठवडा आठवला आणि तिने हात काढून घेतला. जाताना घाईत तिचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर राहिला, दिवाही चालू राहिला.

अर्ध्या तासाने जेवणाची कूपनं वाटणारा आला. त्याला कूपनांची सूचना लावायची होती आणि त्याच्याकडची चिकटपट्टी संपली होती. काचेवर आधीच एक कागद चिकटपट्टीसकट होता. त्याने आपला कागद त्याच्यावरच बसवला.

आणि मग कवळीवाला आला. पहिला. बरणी छातीशी धरून माझ्याशेजारी उभा राहिला. पुढे काउंटर, दिवा चालू, खुर्चीवर स्वेटर. माणूस आत्ताच उठून गेलाय असं वाटायला एक स्वेटर पुरतो.

त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, कारण हा उभा होता. तिसरा उभा राहिला, कारण दोघं होते. दहा वाजेपर्यंत साठ झाले आणि दुपारी एकशे चाळीस. मित्रांनो, मी इतकी लांब रांग कधी धरली नव्हती. खोटं कशाला बोलू, सकाळी मला थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या नंबरवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना लगेच सगळे बाई म्हणू लागले. बाईंनी वही काढली, सगळ्यांना नंबर दिले आणि दर दोन तासांनी हजेरी सुरू केली. हजेरीला जो नसेल त्याचं नाव कटाप. स्वच्छतागृहाला दहा मिनिटं मिळायची, तीही करंगळी वर केल्यावर. चाळिशीचे, साठीचे लोक करंगळ्या वर करून उभे असायचे. कवळीवाल्याला सगळे 'पहिले' म्हणू लागले. तो लाजला. शाळेत तो एकदाही पहिला आला नव्हता, असं त्याने बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "दिसतंच आहे."

कुणीतरी राखेचा विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी उभा जन्म राखेने भांडी घासली. एका पातेल्याला काही झालं नाही. आणि यांची एवढी विमानं!"

दुपारी मागून एका तरुणाने विचारलं की पुढे काउंटरवर कुणी आहे तरी का. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणी नसताना इतकी माणसं उभी राहतील का रे?"

तरुणाने मागे-पुढे पाहिलं. खरंच, इतकी माणसं होती. तो आपल्या नंबरावर उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, भोंग्यावरून पुकारलं असेल की. पुकारत होते. पण आमच्या दालनात एक तान्हं मूल झोपत नव्हतं आणि त्याच्या आईने पहारेकऱ्याला हात जोडले. पहारेकरी भला माणूस. त्याने आमच्यापुरता भोंगा बंद केला. मोबाइलवरही कंपनी दर दोन तासांनी निरोप धाडत होती, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' मंगळवार रात्रीपर्यंत असे अठरा निरोप आले. त्यानंतरचा निरोप कोण उघडणार? कवळीवाल्याला तर एकही आला नाही. तिकीट ताईने काढलं होतं, म्हणून त्याचे निरोप तिच्या फोनवर जात होते.

इकडे चौदा नंबरवर ती मुलगी एकटी बसली होती. तिच्यापुढे कुणी नव्हतं. ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली की लोक किती समजूतदार असतात, सगळे मुकाट घरी गेले. कोपऱ्यातल्या खांबाने हे मला कळवलं.

मंगळवारी दुपारीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट घडली. बाई हजेरीला जोरात "पहिला" म्हणाल्या आणि माझ्या तोंडातला पट्टा सुटला. सटकन कोपऱ्याकडे गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तेव्हा चौदा नंबरची मुलगी पाणी प्यायला उठलेली होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. मला वाटलं, आता शिवी येणार. पण कवळीवाला खाली उकिडवा बसला आणि त्याने माझं तोंड वाकून तपासलं. आतून बोट फिरवलं. असं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आतली कड झिजलीय," तो मला म्हणाला. बाईंना नाही, मला. "दुखतंय का?"

पिशवीतून त्याने बारीक कानस काढली, एक पुडी आणि एक कुपी. कवळीच्या हिरडीला लागतो तो गुलाबी मसाला वाटीत कालवला. वडिलांचे दात ऐनवेळी कुठे टोचले तर असावा म्हणून त्याने तो बरोबर घेतला होता. त्यातला अर्धा माझ्या तोंडात भरला, पट्टा बसवला आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला. म्हणाला, "सैल कवळी आणि सैल खांब, दुखणं एकच. माणसाचा भरवसा उडतो."

मित्रांनो, माझ्या तोंडात तेव्हापासून माणसाची गुलाबी हिरडी आहे. बाई तीन वेळा शिंकल्या, पट्टा हलला नाही.

बुधवारी सकाळी वारा फिरला. आभाळात चार तासांची फट पडली. कंपनीने कुठूनतरी एक मोठं विमान आणलं, एकशे ऐंशी आसनांचं. ते नेमकं ताईच्या शहराला जाणार होतं. बाराला सुटणार होतं. चौदा नंबरच्या मुलीने तीन वेळा पुकारलं. उठून उभी राहून पुकारलं. शेवटी हाताचा कर्णा करून पुकारलं, तर घसा इतका बसलेला की तिचं तिलाच ऐकू आलं नाही. अकरा माणसं तिच्याकडे आली. ती सगळी स्वच्छतागृह शोधताना वाट चुकलेली होती.

कोपऱ्यातल्या खांबाने सगळं पाहिलं आणि पट्टे थरथरू लागले. तिची बसायची जागा, तिचा दिवा, काचेतून दिसणारं विमान, सगळं माझ्यापर्यंत आलं. मला फक्त एकच काम येत होतं. तोंड उघडायचं. पट्टा सुटला असता, सटकन कोपऱ्याकडे गेला असता, एकशे चाळीस माना त्याच्यामागे वळल्या असत्या, शेवटच्या दोघातिघांना तरी कोपऱ्यापलीकडचं दिसलं असतं आणि त्या वेळी ती मुलगी जागेवर उभी होती, हात हलवत होती. मी आयुष्यभर नको तेव्हा सुटत आलो होतो. त्या दिवशी जीव तोडून प्रयत्न केला.

दुरुस्ती पक्की होती.

माझं डोकं जरा हललं म्हणतात. कवळीवाल्याने प्रेमाने त्यावर हात ठेवला.

साडेबाराला मुलीने चौदा नंबर बंद केलं आणि स्वेटर घ्यायला ती कोपऱ्यावरून वळली. समोर एकशे चाळीस माणसं. ती जागच्या जागी थांबली. मग रांगेच्या कडेकडेने चालत पुढे आली, अगदी माझ्यापर्यंत.

"तुम्ही इथे कुणासाठी उभे आहात?" तिने विचारलं.

कवळीवाल्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "तुमच्यासाठीच. पहिला आहे मी. वहीत आहे."

बाईंनी वही उघडून दाखवली.

मुलीने काचेवरचा कूपनांचा कागद सोलला. खाली तिचं अक्षर होतं. कवळीवाल्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, कवळीचं माप दोनदा घेतात तसं. मागे कुणीतरी ओरडायला लागलं, कुणी हसायला लागलं, कुणी वही फाडली. बाईंनी वही फाडू दिली. त्या खाली माझ्या बुडाशी बसल्या आणि कवळीवाल्याला म्हणाल्या, "मीच पाठवलं नाही तुम्हाला. सकाळी दोनदा करंगळी वर केलीत तुम्ही. मी म्हटलं, हजेरी होऊ दे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताई होती. माझ्याशेजारी उभा असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"लागला कसा रे फोन? तू विमानात असशील म्हणून मी करतच नव्हते, चुकून बोट लागलं. बाराला सुटतंय म्हणून निरोप आला ना मला. मी बाबांना सांगून टाकलं, दात निघाले म्हणून. इतके हसले रे बाळ्या. चादरीआड हसले. पाटी पुसून ठेवलीय त्यांनी, आता लागणार नाही म्हणून."

तो म्हणाला, "ताई, विमान गेलं. मी रांगेत होतो."

दुपारी वारा परत फिरला आणि आभाळ तीन दिवसांसाठी बंद झालं. मुलीने त्याच्यासाठी आगगाडी शोधली, बस शोधली, जहाजसुद्धा शोधलं. सगळ्या वाटा दोन दिवसांच्या होत्या आणि त्यांत एकही जागा नव्हती. तो तिथेच थांबला. त्याला आता कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं, म्हणून तो माझ्याशेजारीच उभा राहिला. रांगेत एकटा. मुलीने त्याला खुर्ची आणून दिली. तिने स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला. तो नको म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. या वेळी तिने एकच वाक्य सांगितलं. मग तिने विचारलं, "रात्रभर दाराकडे बघत होते. काय सांगायचं असेल रे त्यांना?"

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही.

दातांशिवाय त्यांना न्यायचं कसं, म्हणूनही ती रडली. मग तिने स्वतःच सांगितलं की चादर तोंडापर्यंत ओढून ठेवलीय, ते ओढायचे तशी.

जाताना त्याने बरणी उचलली, दोन पावलं टाकली आणि परत आला. मला वाटलं, आता ही बरणी माझ्यावर आपटणार. त्याचा हक्क होता. पण त्याने माझ्या तोंडावरून अंगठा फिरवला, पट्टा एकदा ओढून पाहिला. सवयच ती. घट्ट होता. मान हलवून तो निघून गेला.

पुढे चौकशी झाली. अहवालात लिहिलं की प्रवासी स्वखुशीने उभे होते. मुलीची नोकरी चौथ्या आठवड्यात गेली, मला वीतभर सरकवल्याबद्दल. कॅमेऱ्यात तेवढंच स्पष्ट दिसत होतं. खांबवाले काका नातवाचे पेढे घेऊन परत आले आणि आम्हाला हलवायला लागले, तर मागच्याचा पट्टा माझ्या तोंडातून निघेना. ओढला, मुरगळला, तेल घातलं. शेवटी त्यांनी तो कात्रीने कापला आणि मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. आधी सुटतो म्हणून शिव्या खाल्ल्या, आता सुटत नाही म्हणून निवृत्त झालो. भावाच्या पट्ट्याचं चार बोटं टोक अजून माझ्या तोंडात आहे. दुसरा खांब जोडलेला नाही, त्यामुळे बाहेरचं काही कळत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी काउंटरवर बसाल, कुणी रांगेत उभे राहाल. काउंटर हलवलंत तर खांबही हलवा. परवानगी नसली तरी हलवा, वीतभरावर थांबू नका. कागदावर कागद लावण्याआधी खालचा वाचा. आणि रांगेत कितीही मागे असा, एकदा चालत पुढे जाऊन बघून या. नंबर गेला तर जाऊ दे. पुढे कुणी नसेल, तर मागच्यांना मोठ्याने सांगा. तुम्हाला तोंड आहे.

मलाही आहे. त्या माणसाने ते इतकं छान बसवलंय की जन्मात उघडणार नाही.